मामूंनी दिलेलं उत्तर

या मित्रांनो, या. असे उन्हात काय उभे राहता? पत्र्याच्या सावलीला सरका. त्या दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर तेवढं बसू नका, तिची पाठ कधी मागे जाईल नेम नाही. बसलात? मग ऐका. एक गोष्ट सांगतो तुम्हाला. गोड नाही ती, आधीच सांगून ठेवतो. सांगताना माझं डोकं फिरतं, म्हणून मध्ये कुठे आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका.

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. शाळेत कांद्याची साल बघतात तो बुटका नव्हे. मी ऑपरेशन थिएटरातला. माणसापेक्षा उंच, चाकांवर उभा, लांबलचक हात, हाताच्या टोकाला डोकं आणि डोक्याला दोन डोळे. कधी काळी पांढराशुभ्र होतो. आता रियाधमध्ये, अल सुलैच्या या गोदामाच्या अंगणात पडलोय. डाव्या बाजूला बंद पडलेले फ्रीज, उजव्या बाजूला गंजलेले पलंग. वारा सुटला की डोळ्यांत वाळू जाते आणि पुसायला कुणी नाही.

जन्म माझा थंड मुलखातला. तिथले म्हातारे कारागीर दिवस दिवस काच घासायचे, उजेडाला धरायचे, मान हलवायचे, परत घासायचे. तेवढं प्रेम पुढे कुणी केलं नाही. मग पेटीत घालून बोटीवर चढवलं आणि उतरलो तो थेट जेद्द्याच्या बंदरात. पेटी उघडली तर असला दमट, गरम वारा आत शिरला की माझे डोळेच धुरकटले. मी मनात म्हटलं, संपलो.

पण संपलो नाही, कारण तिथे ज्ञानेश होता. गुहागरकडचा गडी, थिएटरातला टेक्निशियन. हा जो मी तुमच्याशी मराठी बोलतोय ना, ती त्याचीच शिकवण. शाळा कुठली मला? पुसता पुसता तो बडबडायचा, मी ऐकायचो. शिव्याही त्याच्याच. "काय म्हाताऱ्या, आज डोळे उघडणार की मेल्या झोपणार?" अशी आमची सकाळ व्हायची. खंडेनवमीला मात्र आवाज हळू. इकडे तिकडे बघायचा, मला डोक्यापासून चाकांपर्यंत पुसायचा आणि म्हणायचा, "गावाला असतास तर झेंडू वाहिला असता. इथे स्पिरिटवर भागव." मला तेवढंही पुष्कळ होतं.

सुरुवातीला मी कानाच्या ऑपरेशनला असायचो. मग तो मिसरी डॉक्टर आला. टकला, जाड मिशांचा, तापट, पण हात असा की लोण्यातून केस काढावा. त्याचं काम वेगळंच होतं. आता ते सांगतो, लाजू नका. पोरंसोरं ऐकत असतील तर ऐकू देत. अंगाचीच गोष्ट आहे, चोरीची नाही.

लग्नाला वर्षं होतात, पाळणा हलत नाही. सगळे बघतात बाईकडे. तिला गोळ्या, तिला काढे, तिला दर्गे, तिला नवस. बाप्याची तपासणी सगळ्यात शेवटी, ती पण बायकोनं हातापाया पडल्यावर. आणि कधी कधी तेव्हा कळतं की त्याच्या वीर्यात शुक्राणू एकही नाही. गावाकडे त्यांना जंतू म्हणतात. तर एकही जंतू नाही.

त्यातही दोन तऱ्हा. एकीत विहिरीला पाणी असतं पण पाट बुजलेला असतो. बाहेर आणणारी नळी जन्मापासूनच नसते, नाहीतर लहानपणी हर्नियाच्या ऑपरेशनात दुखावलेली असते, नाहीतर आजारानं चिकटलेली असते. तिथे मी लागत नाही. डॉक्टर बारीक सुई घालतो, नळीच्या गुंडाळीतून नाहीतर थेट अंडाच्या गोळीतून चार थेंब ओढतो, काम झालं. दुसरी तऱ्हा वाईट. विहीरच आटलेली. तिथे सुई आंधळी. तिथे गोळी उघडून आत बघावं लागतं, आणि तिथे माझे डोळे लागतात.

आत काय दिसतं सांगू? शेवया. बारीक बारीक शेवयांचा गुंता. आटलेल्या असतात त्या पिवळट, सुताइतक्या. पण त्या रानात कुठेतरी एखादी जरा फुगीर, दुधाळ दिसते. तिच्यात जीव असायची आशा. डॉक्टर ती अलगद चिमट्यात उचलतो, शेजारच्या लॅबमध्ये इस्मतकडे देतो. इस्मत ती कुस्करून आपल्या मायक्रोस्कोपखाली बघते. एक जरी जिवंत सापडला तरी तो बायकोच्या बीजात सोडता येतो. तासन् तास चालायचं हे. डॉक्टरची मान आखडायची, माझा दिवा तापायचा. आणि एवढं करून निम्म्या वेळा हात रिकामे.

पण भरायचे तेव्हा! मक्क्याच्या हॉटेलातला एक स्वयंपाकी होता, तीन ठिकाणांहून नाही म्हणून आलेला. त्याच्या शेवटच्या कोपऱ्यात मला ती दुधाळ शेवई दिसली. पुढल्या वर्षी तो खजुराची पेटी घेऊन आला, वर पोरीचा फोटो. डॉक्टरनं माझ्या मानेवर थाप मारली, "शाबास, म्हाताऱ्या शैताना." ज्ञानेशनं एक खजूर माझ्या डोक्यावर ठेवला, हात जोडल्यासारखं केलं आणि मग स्वतःच खाल्ला.

ते दिवस गेले. माझा दिवा मधूनच मिचमिचायला लागला. पायातलं बटण अडकायला लागलं. हात खाली घसरायचा, तर त्याला चिकटपट्टीचे वेढे. दुरुस्तीवाला "बुकरा, बुकरा" म्हणायचा. म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडला नाही. वर्दी आली की टीव्हीसारखा पडदा असलेला नवा येणार आहे. मग तर मला कुणी पुसेना. ज्ञानेश पुसायचा, पण त्याचंही लक्ष नव्या पाहुण्याकडे. असू दे. माणसाची जात आहे.

आणि अशा दिवसांत हम्माद आला.

थिएटर आमचं लहान. काम नसलं की मला शेजारच्या खोलीत पडद्यामागे ढकलायचे. पेशंटला ऑपरेशनच्या आधी तिथेच बसवायचे, आणि नंतर झोपवायचे पण तिथेच. त्यामुळे माझ्या कानावर काय काय पडायचं, विचारू नका.

हम्माद रायगडातला, म्हसळ्याच्या बाजूचा कोकणी मुसलमान. जेद्द्यात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. दंड हे असे, छाती ही अशी, दाढी काळीभोर. बघितलं तर वाटावं, याला काय धाड भरलीय. त्याची बायको अफशाँ व्हिजिट व्हिसावर आलेली. बारीक चणीची, डोळे सगळं बघणारे. आणि दोघांच्या मध्ये बसलेले हुसेनमियाँ. हम्मादचे मामू. सगळी जन्माची कमाई जेद्द्यात केलेले, अरबी पाण्यासारखं बोलणारे.

इथे एक रीत आहे, ती सांगायला हवी. कोकणातल्या त्या गावांच्या जमाती इथे आहेत. गावचा पोरगा नवा आला की जमातीतला वडीलधारा त्याला हाताला धरून नेतो. इकाम्याला म्हणजे राहायच्या परवान्याला, बँकेत, दवाखान्यात. आणि बोलतो तो वडीलधाराच. धाकट्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. रीत वाईट नाही हो! परमुलखात उभं राहायला तीच आधार. पण दवाखान्यात, मित्रांनो, दवाखान्यात ती रीत घेऊन जाऊ नये. का ते आता ऐका.

त्या सकाळी दोघांचंही ठरलेलं. तिकडच्या खोलीत अफशाँची बीजं काढायची, इकडे हम्मादमध्ये शुक्राणू शोधायचे. तिचा व्हिसा संपत आलेला, म्हणून सगळी घाई. डॉक्टरनं रक्ताच्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या होत्या, तर मामू म्हणाले, "इंडियाला सगळं केलंय डॉक्टर, चांगलं आलंय, परत कशाला?" आणि घाईत डॉक्टरनंही ते चालवून घेतलं. त्याची चूक ती. मी कुणाची बाजू घेणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट टांगणीला होती. मामू बाहेर चपला काढायला थांबले तेवढ्यात अफशाँ नवऱ्याला म्हणाली, "अम्मींचा फोन होता. ईदेला दापोलीला जाणार म्हणाल्या. मुलगी बघायला."

"कुणासाठी?"

"माझ्या अब्बासाठी! कुणासाठी म्हणजे काय? तुमच्यासाठी."

हम्माद गाऊनच्या नाड्या बांधायला लागला.

"खोट कुणाची हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, मामूंना ठाऊक. अम्मींना एवढंच ठाऊक की सून वांझ आहे आणि मुलगा हर्नियाच्या ऑपरेशनला गेलाय."

"आज झालं की सगळं मिटेल गं."

"आणि नाही झालं तर?"

तेवढ्यात आले मामू. त्यांना मध्ये जागा करत अफशाँ सरकली.

मग नर्सनं अफशाँला नेलं, मामू नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला गेले, आणि हम्मादनं फोन काढला. हळू आवाजात बोलत होता, पण मी हातभर अंतरावर. "हरीशभाई, मागच्या जुम्म्याला घेतलं ते पुरेल ना आजच्याला? का परवा अजून एक मारायला हवं होतं?"

हा हरीश त्याच्या कामगार कॅम्पाशेजारच्या जिममधला. झालं होतं असं. दोनेक वर्षांपूर्वी हम्मादच्या तपासणीत जंतू कमी आले होते. कमी, हां! शून्य नाही. ते त्यानं कुणाला न सांगता हरीशला सांगितलं. हरीश म्हणाला, सोपं आहे, मर्दानी ताकदीची इंजेक्शनं घे. दंड फुगले, दाढी दाट झाली, हम्मादला वाटलं लागू पडलं. आणि पुढल्या तपासणीत शून्य. तर हा शहाणा काय करतो? अजून जोरात घेतो!

माझ्या अंगाची लाही झाली. कारण हे मी आधी ऐकलं होतं. डॉक्टर एका पोरावर असाच ओरडला होता, तेव्हा मी तिथेच होतो. ती इंजेक्शनं म्हणजे बाप्याच्या अंगातला जो रस, तोच बाहेरून भरलेला. बाहेरून आयता माल यायला लागला की डोकं म्हणतं, भरपूर आहे, आतल्या कामगारांचा हिशेब चुकता करा, घरी पाठवा. वरून गडी पैलवान आणि खाली कारखान्याला टाळं. इंजेक्शन ताकद देतं आणि पोर खातं.

म्हणजे या माणसाला कापायची गरजच नव्हती कदाचित! थांबायची गरज होती. आणि हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक. मला, ज्याला दोन डोळे आहेत आणि तोंड नाही.

डॉक्टर आला. उभ्या उभ्याच विचारलं, अरबीत, मामूंकडे बघून. "काही औषधं चालू आहेत? इंजेक्शनं? हार्मोन? जिममधलं काही?"

मामूंनी हम्मादला विचारलं का? नाही. पोराकडे वळून तरी बघितलं का? नाही. ताठ बसून म्हणाले, "नाही, डॉक्टर. काही नाही. आमच्या घरातला पोरगा आहे, असली थेरं आमच्यात नाहीत."

अरबी 'हार्मोन' आणि 'जिम' हम्मादला कळलं होतं. त्यानं तोंड उघडलेलं मी पडद्याच्या फटीतून बघितलं. मामूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, धीर देतात तसा. तोंड मिटलं.

बोल ना रे! मी आतल्या आत ओरडलो. दिवा मिचमिचवावा म्हटलं तर वायर भिंतीतून काढलेली. चाकं सरकवावीत तर ब्रेक लावलेला. इतकी वर्षं मी माणसांच्या आत बघितलं, इतका हताश कधी झालो नव्हतो.

"यल्ला, चला," डॉक्टर म्हणाला आणि मला ढकलत आत नेलं.

हम्मादच्या कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. माणूस जागा, मध्ये हिरवा पडदा. मामूंना आत यायची परवानगी नाही, ते बाहेर तसबीची जपमाळ ओढत बसलेले. ज्ञानेश हम्मादच्या डोक्याशी उभा.

"गाववाल्या, कुठला तू?"

"म्हसळा."

"अरे मग आपण खाडीच्या इकडचे तिकडचे. घाबरू नको. वर बघ."

"वर काय हाय?"

"लाईट हाय. त्याकडे बघ."

डॉक्टरनं उजवी बाजू उघडली. मी डोळे लावले. आणि मित्रांनो, काय बघायचं? सगळ्या शेवया सुतासारख्या. सुकलेल्या. एका जातीच्या. डॉक्टर हा कोपरा बघ, तो कोपरा बघ. एक तुकडा इस्मतकडे. इस्मत आतून, "काही नाही." दुसरा तुकडा. "काही नाही, डॉक्टर." माझा दिवा मिचमिचला, डॉक्टर माझ्यावर खेकसला, ज्ञानेशनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. मार खातोय मी, चूक कुणाची!

बराच वेळ गेला. पडद्यामागून हम्मादचा आवाज आला. "भाऊ, मिळालं काय?"

"शोधतायत."

"मिळेल ना?"

ज्ञानेशनं त्याची उशी नीट केली. खोटं बोलायला त्याला जमत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

"डॉक्टरला सांग ना भाऊ, मी माझ्याकडनं ताकद कमी पडू दिली नाही. वर्षाच्या वर झालं, इंजेक्शनं घेतोय. मागच्या जुम्म्याला पण घेतलं. हवं तर आता अजून एक देऊ दे, इथंच."

ज्ञानेशची मान वळली. "कसली इंजेक्शनं?"

"मर्दानी ताकदीची. जिममधली."

"आयशप्पथ," ज्ञानेश म्हणाला. आणि मग अरबीत डॉक्टरला सांगितलं.

डॉक्टरचा हात थांबला. माझ्या डोळ्यांतून मी तो चिमटा बघत होतो, हवेत तसाच अडकलेला. त्यानं माझ्यावरून डोळे काढले, छताकडे बघितलं आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"डावी बाजू उघडायची नाही," तो म्हणाला. "टाके घाला. खलास."

बघा मित्रांनो. सगळ्या दवाखान्यात मामू नसलेली जागा एकच होती, ते टेबल. तिथे येईपर्यंत पोराला तोंड फुटलं नाही. आणि फुटलं तेव्हा एका बाजूला सुरी लागून गेलेली.

परत त्याच खोलीत आणलं, मलाही आणि त्यालाही. अफशाँ पोटाला हात लावून, भिंतीचा आधार घेत आली. तिची बीजं निघाली होती, चांगली निघाली होती. डॉक्टर टोपी हातात चुरगळत उभा. ज्ञानेश दुभाषा.

"मी विचारलं होतं की नाही?" डॉक्टर मामूंना म्हणाला.

"मला कुठे माहीत होतं, डॉक्टर?"

"माहीत नव्हतं, तर 'नाही' कसं म्हणालात?"

मामूंची तसबी थांबली.

डॉक्टर मग पलंगाच्या कडेला बसला आणि पहिल्यांदा सरळ हम्मादशी बोलला, ज्ञानेशच्या तोंडून. म्हणाला, इंजेक्शनं आजपासून बंद. आतला कारखाना परत सुरू करायला मी औषध देईन, पण सहा महिने, कदाचित वर्ष, धीर धरावा लागेल. पुष्कळांचं परत येतं. सगळ्यांचं येतंच असं नाही. तुझं मूळचं थोडं होतं, म्हणून आशा आहे. आलं तर पुन्हा कापायलाही लागणार नाही. बायकोची बीजं आम्ही गोठवून ठेवतो, ती थांबतील. "पण पुढच्या वेळी," डॉक्टर उठता उठता म्हणाला, "एकटा ये. नाहीतर बायकोला घेऊन ये. बाकी कुणी नको."

तो गेला. मामू घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं. आता हे इथल्या इथे राहू दे. आपाला, तुझ्या अम्मीला, काय सांगायचं ते मी बघतो. सांगू, हर्निया नीट झाला."

तेव्हा अफशाँ बोलली. आवाज चढवला नाही. "मामू, तुम्ही जरा बाहेर बसा."

"अगं, मी तुमच्या भल्यासाठीच—"

"ठाऊक आहे. बाहेर बसा."

हुसेनमियाँ उठले. दारात एकदा भाच्याकडे वळून बघितलं. म्हातारा वाईट नव्हता हो. पण वाईट नसलेल्या माणसांनीच हे सगळं केलं, म्हणून तर माझं डोकं फिरतं.

खोलीत दोघंच. आणि मी, पडद्यामागे.

"पहिल्यांदा कमी आलं तेव्हाच मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"जिममधल्या हरीशला तेवढं बोललो. तुला काय सांगू? कमी आहे म्हणून? तुला काय वाटलं असतं?"

"मला वाटलं असतं की माझा नवरा माझ्याशी बोलतो." ती स्टुलावर बसली. "तुमची इज्जत राहावी म्हणून मी गावभर वांझ म्हणवून घेतलं. तुमच्या चुलतबहिणीच्या ओटीभरणीला मला मागच्या दाराशी बसवलं. मी हूं की चूं केलं नाही. आणि तुम्ही इथे बसून हरीशला विचारता!"

हम्मादचे ते फुगलेले दंड चादरीवर नुसते पडलेले. रडायला आलं होतं त्याला, पण बधिरपणा उतरून टाके दुखायला लागले होते.

"अम्मींना फोन लावा," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मामूंनी लावायच्या आधी. आणि स्पीकरवर."

त्यानं उशीखालून फोन काढला. मग लावला. तिकडून अम्मींचा, जोहराबींचा आवाज, मोठा, कोंबड्या हाकलत असल्यासारखा. "झालं काय रे ऑपरेशन? नीट झालं?"

"अम्मी, हर्निया नव्हता."

"मग काय होतं?"

"खोट माझ्यात आहे, अम्मी. पहिल्यापासनं माझ्यात. अफशाँत काही नाही. ईदेला दापोलीला जाऊ नकोस."

तिकडे कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. म्हातारीचा नाही. मला वाटलं फोन कटला.

मग ती म्हणाली, "अफशाँ हाय तिथं?"

"आहे, अम्मी," अफशाँ म्हणाली.

"तू का नाय बोललीस गं एवढी वर्सं?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

अगदी बारीक आवाजात, "नसतं ऐकलं." आणि पाठोपाठ, "जेवलीस काय?"

अफशाँनं तोंडावर ओढणी धरली. मला तिचे नुसते खांदे दिसत होते.

त्या आठवड्यात अफशाँ परत गेली. व्हिसा संपला होता. मला परत पडद्यामागे लोटलं, आणि ते माझं शेवटचं काम ठरलं. पडदेवाला नवा आला, कव्हर फाडून सगळ्यांनी त्याच्याभोवती फोटो काढले. मी कोपऱ्यात, डोक्यावर कुणाचा तरी कोट टांगलेला. राग आला का? आला. एवढे पाळणे हलवले आणि शेवटी खुंटी झालो.

पुढल्या हिवाळ्याच्या तोंडाला हम्माद आला. एकटा. दंड उतरले होते, बरा दिसत होता. नमुना देऊन त्याच पलंगाच्या कडेला बसला, पाय हलवत. लॅबमधून इस्मत स्वतः आली. नेहमी फोन करते, त्या दिवशी चालत आली. म्हणाली, "थोडे आहेत. पण आहेत. हलतायत."

ज्ञानेश ओरडला, "गाववाल्या!" आणि त्याला अशी मिठी मारली की माझ्या डोक्यावरचा कोट खाली पडला. सुरी नको, सुई नको. एक कप पुरला. ज्यासाठी माझा जन्म, ते काम त्या माणसाला लागलंच नाही, आणि खरं सांगतो, आयुष्यात इतकं बरं मला कुठल्या ऑपरेशननं वाटलं नाही.

हम्माद म्हणाला, "आता अफशाँचा व्हिसा करतो. मी करतो, मामू नाही." तेवढं ऐकलं, आणि दोनच दिवसांनी हमाल आले. मला आडवा केला, दोऱ्या बांधल्या, ट्रकवर टाकला. जेद्दा मागे राहिलं, वाळवंट गेलं, आणि हे अंगण आलं.

तर मित्रांनो, यंत्राला जपा, हे मी सांगायचं असतं. जपा. वेळेवर दिवा बदला, डोळ्यांतली धूळ पुसा, उद्यावर ढकलू नका. पण त्याहून मोठं मागणं आहे. पाळणा हलला नाही तर आधी बाप्यानं तपासून घ्या, ती तपासणी सगळ्यात सोपी असते. जिममधल्या हरीशचं ऐकून अंगात काही टोचून घेऊ नका. आणि डॉक्टरनं विचारलं, तर ज्याचं अंग आहे त्यानं बोला. मामू कितीही मायेचा असो, तुमच्या पोटातलं त्याला दिसत नाही. मला दिसायचं, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं की रे!

एवढं बोललो, आता घशाला कोरड पडली. पण जायच्या आधी एक काम करा माझं. तुमच्यातला कुणी जेद्द्याला गेला, तर त्या थिएटरात ज्ञानेशला गाठा. त्याला म्हणा, म्हातारा अजून आहे, आणि विचारतोय: अफशाँला व्हिसा मिळाला का? ती बीजं बर्फातून काढली का? जोहराबी सुनेला आता पुढे बसवते का? जे काय असेल ते. नाही झालं असलं तरी सांगा, लपवू नका. इथे या, या पत्र्यापाशी उभे राहा आणि मोठ्यानं सांगा.